सॉक्रेटिसच्या तोंडावरचे ठिपके

पॅरिस, ३ मार्च १८५९
डोकं फिरलंय. छायाचित्रांचं प्रदर्शन यंदा चित्रकारांच्या दालनाला लागून भरणार, आणि कौतुक कुणाचं? पाडायला काढलेल्या गल्ल्यांचे फोटो काढणाऱ्या त्या मार्सियालचं! म्हणे, पुढच्या पिढ्यांसाठी पुरावा. पुरावा कोर्टात लागतो, भिंतीवर कला लागते. मी वीस वर्षं ब्रश धरलाय, कॅमेरा आत्ता कुठे घेतलाय. माणूस उभा करून ‘सॉक्रेटिसचा विषप्याला’ असा फोटो करणार. एका काचेत सगळ्यांची तोंडं बंद.

७ मार्च
सॉक्रेटिस मिळाला. खालच्या मजल्यावरचा चांभार फुल्जाँस. कपाळ भव्य. तोंडभर जन्मापासूनचे तांबूस ठिपके आहेत, पण लांबून कळत नाहीत. पिवळा झगा शिवायला टाकला. क्लोतिल्द म्हणाली, अहो, तांबडं-पिवळं फोटोत काळं उमटतं, गेल्या महिन्यात फोटो काढलात त्या नवरीची पिवळी फीत सुतकातली दिसली, विसरलात? बायकोनं मला रंग शिकवायचे! जेवलो नाही.

११ मार्च, सकाळी १०
रसायन लावलेली फोटोची काच ओली आहे तोवरच सगळं उरकायचं. फुल्जाँसची मान मागून लोखंडी चिमट्यात अडकवली. पंधरा सेकंद हलायचं नाही, बजावलं. म्हणाला, साहेब, सॉक्रेटिसला विष पाजलं, पण मान तरी मोकळी होती की! गाढवाला गुळाची चव काय.

दुपारी १
झगा डांबरासारखा. ठिपके कोळशासारखे. मागचा निळा पडदा पांढराफटक. काच नालायक, रसायनवाला चोर! क्लोतिल्द म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं.

दुपारी ३
शांतपणे पाहिलं. काळा झगा म्हणजे मृत्यूची छाया. हेच तर मला हवं होतं. फोटो प्रदर्शनाला पाठवला.

२ एप्रिल
नाकारला! मार्सियालच्या सहा पडक्या भिंती मात्र घेतल्या. आंधळे, एकजात आंधळे! परीक्षकांत एक डॉक्टर होता, त्यानं माझा फोटो मेडिकल कॉलेजच्या भिंतीसाठी मागितलाय. चिठ्ठी फाडली. मग चिकटवली. ज्याला शरीर कळतं त्याला कला कळणारच. दिला.

२० एप्रिल
फुल्जाँसला घेऊन कॉलेजात गेलो. फोटोसमोर ही गर्दी! छाती फुगली. पुढे घुसलो. खाली चिठ्ठी होती: देवीचा रोग, नववा दिवस. माझं नाव कुठेच नाही.

तेवढ्यात एका विद्यार्थ्यानं फुल्जाँसला ओळखलं. सगळे नाकाला रुमाल लावून मागे सरकले. मी ओरडलो, मूर्खांनो, हा सॉक्रेटिस आहे! कुणी ऐकेना. फुल्जाँस खुशीत सगळ्यांना नमस्कार करत होता. एक म्हातारे प्राध्यापक फोटोकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी. वीस वर्षांत माझ्या चित्रासमोर कुणी डोळे पुसले नव्हते. म्हणाले, फार सोसलं हो बिचाऱ्यानं. तुम्ही कोण त्याचे?

कलाकार म्हणायला तोंड उघडलं.

नातेवाईक, म्हणालो.