बॉयलरजवळ ओरडण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
धुलाई खाते, रुग्णालय

विषय: इंजिनियर बाईंना दिलेली नोटीस मागे घेणे व बॉयलरखोलीत पूर्वीसारखे बोलू देणे.
संदर्भ: 'पिढ्या समजून घ्या' शिबिराची पुस्तिका, पान नऊ.

महोदय,

थोरल्या बहिणीचे लग्न झाले त्या वर्षी अर्जदाराचा जन्म झाला. साल कोणी लिहून ठेवले नाही, कारण घरात लिहिता येणारे कोणी नव्हते. अर्जदार स्वतः अंदाजे पंचेचाळिशीत अक्षरे शिकला. अर्ज सावकाश वाचावा, तो सावकाशच लिहिला आहे.

१. शिबिरात सर्वांना जन्मसालाप्रमाणे चार कोपऱ्यांत उभे केले. अर्जदार मध्येच उभा राहिला, तेव्हा शिक्षकांनी केस पाहून कोपरा दिला. तिथल्या पाटीवरून कळले की अर्जदाराला बदल आवडत नाही. हे त्याला आधी माहीत नव्हते.

२. इंजिनियर बाई चोवीस वर्षांच्या असून त्यांची नेमणूक अजून कच्ची आहे. शिबिरापूर्वी बॉयलरमधले पाणी उतरले की त्या "काका, पाणी!" म्हणून ओरडत. अर्जदार "दिसतंय गं, आंधळा नाही मी" म्हणत पंप सुरू करी. आठ महिने एक चादरही खराब झाली नाही.

३. पान नऊप्रमाणे तरुणांनी आधी अनुभवाचा आदर व्यक्त करावा आणि ज्येष्ठांनी आधी कौतुक करावे. गेल्या सोमवारी वाफेचा काटा लाल रेघेकडे निघाला. अर्जदार भट्टीच्या दाराशी वाकला होता. बाई म्हणाल्या, "काका, आपल्या अनुभवाचा पूर्ण आदर राखून एक निरीक्षण मांडू का?" अर्जदार म्हणाला, "मॅडम, आपण पुढाकार घेतलात, हे कौतुकास्पद आहे." बाईंनी आभार मानले. तेवढ्यात सुरक्षा झडप उडाली आणि बेचाळीस धुतलेल्या चादरींवर गंजाचे पाणी पडले.

४. "वेळेत सूचना दिली नाही" म्हणून बाईंना नोटीस आली. नेमणूक पक्की होणार नाही, असेही समजते. अर्जदाराला मात्र "वय लक्षात घेता" सोडून दिले. वय लक्षात घेता अर्जदाराला जास्त कळायला हवे होते. बाईंनी पुस्तिका पाळली, तर शिक्षा पुस्तिकेला व्हावी. नोटीस द्यायचीच असेल तर ती अर्जदाराला द्यावी. त्याला आता वाचता येते.

५. हा हट्ट नाही. अर्जदार नवा असताना त्याचे वस्ताद वाफेची मोठी झडप उघडायला गेले. नळीत साचलेले पाणी आधी काढावे लागते, नाहीतर वाफ ते पाणी झडपेवर आदळते; ते काढलेले नव्हते, हे अर्जदाराने पाहिले. वस्तादांना टोकायची कोणाची छाती नव्हती. कसे म्हणावे, या विचारात अर्जदार उभा राहिला. तेवढ्यात झडप फुटली. वस्ताद त्याच दिवशी, नऊ मार्चला, दुपारी दोन वाजता वारले.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
बॉयलरवाला, पहिली पाळी
दि. १४ नोव्हेंबर