तार्येईच्या फिडलची डबी

मी, गुन्वोर हाउगेन, वय एकोणऐंशी, राहणार नुमेदाल, धंदा अँप्लिफायर बांधणे व दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके शाबूत आहे. बाकी शरीर थकले आहे, आणि खरे सांगायचे तर मीही.

घर व बँकेतले क्रोनर भाची आसलाउग हिला मिळावेत. स्वयंपाकघराचा पिवळा रंग तिने खुशाल बदलावा. मला तो कधीच आवडला नाही, पण उठून रंगाचा डबा आणणार कोण?

सोल्डरिंगची हत्यारे तालुक्याच्या तंत्रशाळेला द्यावीत.

आसलाउगचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ तार्येई, यास मी त्याच्या फिडलसाठी बनवलेली पत्र्याची छोटी डबी द्यावी. कित्येक वर्षांपूर्वी सांकथान्सच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या सणाच्या, नाचाला गावच्या सभागृहात "ताई, हे खेळणं ठेव घरी" म्हणून त्याने ती बाजूला सारली आणि फिडलच्या घोडीखाली सूर टिपायला बसवलेल्या स्फटिकाची वायर थेट माझ्या अँप्लिफायरमध्ये खुपसली. स्फटिक व्होल्टेज देतो, पण प्रवाह देणे त्याच्या जिवावर येते. त्या अँप्लिफायरचा इनपुट इम्पिडन्स कमी, म्हणजे त्याचे मागणे फार. त्या ओढाताणीत खर्ज गेला, उरली किणकिण. डबीतला ट्रान्झिस्टर आवाज वाढवत नाही. तो फिडलकडून चिमूटभर घेतो आणि पुढच्याला हवे तेवढे पुरवतो, इतकेच.

लोक हसले. तार्येई माईकवर म्हणाला, "ताईच्या यंत्राने माझा आवाज खाल्ला. उपाशी होतं वाटतं." नंतर समजावायला गेले, तर दारातूनच म्हणाला, "तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव." ठेवले. तेव्हापासून अबोला. मला राग आला होता, अजूनही थोडा आहे.

पण त्या दिवसानंतर त्याने चारचौघांत फिडल धरले नाही. आसलाउग सांगते, मनातून त्याला वाटते की आपला हातच गेला. तार्येई, हात गेलेला नाही रे. नुसती वायर चुकली होती.

म्हणून अट अशी: माझ्या दफनानंतर सभागृहात कॉफी आणि लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, होतील, तेव्हा त्याने बाबांची धून आधी डबीशिवाय आणि मग डबी लावून वाजवावी. वायर आसलाउगने जोडावी, त्याला हात लावू देऊ नये. त्यानंतर हवा तर त्याने पुन्हा अबोला धरावा, माझी हरकत नसेल.

डबीत नवी बॅटरी घातली आहे. दर सांकथान्सला घालत आले.

साक्षीदार: योरुन्न ब्रोतेन, शेजारीण, व हाल्वोर लांडे, धर्मगुरू. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

सही: गुन्वोर हाउगेन
नुमेदाल, ११ ऑक्टोबर २०१९