सुका कचरा, तीन पाण्यांनी धुतलेला

३ मार्च. सकाळी ७.
सेक्रेटरीने आमची सुक्या कचऱ्याची पिशवी परत केली. चार बिऱ्हाडांदेखत. म्हणे, जॅमच्या बरणीला मुंग्या लागल्यात, धुऊन देत जा काका. काका! माझ्याहून फक्त दोन वर्षांनी लहान आहे. सूड घेणार. थंड डोक्याने.

४ मार्च.
इतका स्वच्छ कचरा देणार की त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसावं. अकरा डबे-बाटल्या साबण लावून तीन पाण्यांनी धुतल्या. बायको म्हणाली, नळ तासभरच येतो, आता भांडी कशात घासू? तिला दूरदृष्टी नाही.

९ मार्च.
पाण्याच्या मीटरचे आकडे बोर्डावर. आमचा पहिला नंबर, लाल शाईत. सेक्रेटरीचंच कारस्थान. आधी धुवायला लावायचं, मग धुतलं म्हणून बदनाम करायचं. ठीक. आता पाणीही वाचवून दाखवतो. आंघोळीचं पाणी साठवून त्यात डबे धुवायचे. आंघोळ दोन तांब्यांत. बायकोनेसुद्धा.

१२ मार्च.
घरात नऊ बादल्या. बेडरूममध्ये उडी मारून जावं लागतं. बायको घसरली, कोपरावर आपटली. बहिणीकडे गेली. दोन दिवसांत येईल.

१५ मार्च.
आली नाही. तेवढंच पाणी वाचलं.

१६ मार्च. सकाळी.
आज इमारतीची मीटिंग. भाषण पाठ. सेक्रेटरीला सगळ्यांदेखत माफी मागायला लावणार. कचरा निवडणाऱ्या बाईंना साक्षीला मीच बोलावलंय.

दुपारी.
बाईंना विचारलं, सगळ्यात स्वच्छ कचरा कोणाचा? म्हणाल्या, तुमचाच. मी सेक्रेटरीकडे पाहिलं. बाईंचं संपलं नव्हतं.
"पण निथळत असतो हो. त्याने सगळ्यांचा कागद भिजतो, मग माझा माल कोणी घेत नाही. सुका कचरा सुका द्या ना. डबा रद्दीने पुसला तरी पुरतं."
कोणी हसलं नाही. हसले असते तर रागावता तरी आलं असतं. सेक्रेटरी उठला. बाईंना स्वतःची खुर्ची दिली. म्हणाला, धुवायला मीच सांगितलं होतं, चूक माझी, माफ करा. आधी बाईंना, मग मला.
भाषण खिशातच राहिलं.

१७ मार्च.
बरणी रद्दीने पुसली. अर्धं मिनिट लागलं.
बायकोला फोन केला. मीटिंगमध्ये माझ्यावर कसा अन्याय झाला, ते वीस मिनिटं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, कोपराचं हाड मोडलंय, तेरा तारखेलाच प्लास्टर घातलं.
मला कोणी कळवलं नाही.
मी विचारलं नव्हतं.