अकरा दिवसांत वाचलेली चिठ्ठी

सोनल,

मी सदलग्याला चाललोय, तुझ्या सासूला आणायला. रागानं माहेरी जाताना तिनं माझ्यासाठी कन्नडमध्ये चिठ्ठी ठेवली होती. चाळीस वर्षं तिच्याशी कन्नड बोललो, पण लिपी शिकलो नाही. "कपाटभर पुस्तकं वाचता, माझं एक अक्षर वाचाया येत न्हाय व्हय?" असं ती नेहमी म्हणायची. तुला कन्नड वाचता येतं, पण चिठ्ठी दाखवायची लाज वाटली. म्हणून तुझ्या त्रिशलाचं पहिलीचं कन्नड पुस्तक घेऊन रोज एकेक अक्षर लावत बसलो. डोळे शिणले, दोनदा पुस्तक मिटून ठेवलं. काल शेवटची ओळ लागली : "हे वाचता आलं तरच मला न्यायला या."

चुकीचं वाचलं असेल, ही भीती आहेच. तरी दिवस मावळायच्या आत आम्हा दोघांचं जेवण तयार ठेव.

आप्पा