तुझा दावा, माझी साक्ष

नाशिकरोड,
ता. १४ डिसेंबर १९८०

ती. सौ. विमलताईस,
धाकट्या सुलाचा सा. जयभीम. वि. वि.

इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. थंडीने बाबांचा खोकला वाढलाय, तरी कामाची पाळी चुकवत नाहीत. आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. तू हरसूलहून पाठवलेला तांदूळ पोचला. भात शिजला की वास साऱ्या चाळभर जातो आणि शेजारच्या लंकाबाई वाटी घेऊन हजर होतात.

आता मुख्य गोष्ट. खटल्याचा निकाल लागला. रावजी सुटला. मी तक्रार उशिरा केली, केंद्राच्या कोठीत पाहणारं कोणी नव्हतं, म्हणून संशयाचा फायदा त्याला. शिवणकेंद्राच्या दारात त्याच्या माणसांनी फटाके लावले. संस्थेचा चिटणीस तोच राहिला आणि नोकरी गेली ती माझी. घरी येऊन मी आडवी पडले, ती दोन दिवस उठलेच नाही.

मग बाबाच मला सावित्रीबाई वकिलांकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, फौजदारी संपली तरी दिवाणी शिल्लक आहे. फौजदारीत खटला सरकारचा असतो, तू त्यातली नुसती साक्षीदार. दिवाणीत वादी तूच. नुकसानभरपाई रावजीकडून मागता येते आणि त्याला त्या खुर्चीवर बसवणाऱ्या संस्थेकडूनही. तिथे गुन्हा तसूभरही शंका न राहता शाबीत करावा लागत नाही; दोघांपैकी कोणाचं म्हणणं जास्त खरं वाटतं, एवढं न्यायाधीश तोलून पाहतात. कोर्ट फी भरायची ऐपत नसेल तर तसा अर्ज करता येतो.

चाळीत आत्ताच बोलणं सुरू झालंय की पोरगी अब्रूची किंमत लावायला निघाली. बाबा म्हणाले, बोलू दे. ताई, पहिल्या तारखेला तू येशील का? त्या केंद्रात तू माझ्या आधी शिकवत होतीस, तुला तिथली माणसं ठाऊक आहेत. भाऊजींना जयभीम, छोटीला पापा. माझ्यावरची माया उणी होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुला

---

हरसूल,
ता. २ जानेवारी १९८१

चि. सुला हिस,
विमलाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे भात झोडून झाला, खुरासणी काढायची आहे. आमच्या मास्तरांच्या आश्रमशाळेत निम्मी पोरं आईबापांबरोबर द्राक्षाच्या कामाला गेली, त्यामुळे वर्ग ओस. छोटीला दात येताहेत, रात्रभर जागवते.

तारखेला येणं जमणार नाही. तुला काय, बाबा आहेत सोबत. मला आठवतं, मी सातवीत वक्तृत्वाचं बक्षीस घेतलं तेव्हा बाबांना रजा मिळाली नव्हती. आणि आता पाळ्या बदलून घेतात, वकिलांच्या पायऱ्या चढतात, लोकांना बोलू दे म्हणतात. बरं आहे बाई तुझं. नवं लुगडं आलं तरी घडी तू मोडायचीस, आता वकीलही तुझ्यासाठी येतात.

रागावू नकोस, थट्टा केली. पण खरं सांगू का, हा दावा सोडून दे. जिंकलीस तरी काय हाती लागणार? केंद्रातल्या माणसांचं मला काही विचारू नकोस. मी सोडलं त्याला फार दिवस झाले.

आईला औषध वेळेवर घ्यायला सांग. बहिणीची आठवण ठेव, येवढंच मागणं.

तुझी ताई,
विमला

---

नाशिकरोड,
ता. १९ जुलै १९८१

ती. सौ. विमलताईस,
सुलाचा सा. जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले की उत्तर लिहायला सहा महिने घेतले. लुगड्याची घडी मी मोडायची, कबूल. पण या गोष्टीत तुला हेवा वाटण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. नळावर गेले की बायका बादल्या उचलून बाजूला होतात, तो मान हवाय का तुला?

असो. दावा दाखल झाला. कोर्ट फीच्या अर्जाच्या चौकशीला समोरच्या वकिलाने बाबांना विचारलं, घरात रेडिओ आहे ना? बाबा म्हणाले, आहे, पण तो लागत नाही. कोर्ट हसलं, अर्ज मंजूर झाला. मध्यंतरी रावजीची माणसं रोज संध्याकाळी दाराशी येऊन उभी राहत, दावा मागे घे म्हणून दम देत. सावित्रीबाईंनी त्यावर मनाई हुकूम मागितला. रावजीने किंवा त्याच्या माणसांनी आमच्या घराकडे फिरकू नये, असं कोर्टाने लिहून दिलं. त्या दिवशी आईने पहिल्यांदा मला जवळ बसवून वाढलं.

आता अडचण अशी की त्याच्या कैफियतीत लिहिलंय, इतक्या वर्षांत इतक्या बाया केंद्रात आल्या, एकीनेही कधी तक्रार केली नाही. सावित्रीबाई विचारतात, आधीची कोणी बोलेल का?

ताई, मी आता सरळच विचारते. तू केंद्र का सोडलंस? तुला तर तिथे मुख्य शिक्षिका करणार होते. एक दिवस आलीस ती न्हाणीत जाऊन बसलीस, आणि महिन्याभरात तुझं लग्न. मला वाटलं होतं, तुला स्थळ आवडलं म्हणून घाई केलीस. सांगू नये असं वाटलं तर सांगू नकोस. माया मात्र तोडू नकोस.

तुझी,
सुला

---

हरसूल,
ता. ५ ऑगस्ट १९८१

सुला,

आशीर्वाद मागाहून. आधी हे वाच, आणि कोणासमोर वाचू नकोस.

हो. माझ्यावरही. तीच कोठी, तोच माणूस. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, तुझ्या बाबांना कळलं तर ते त्याचा जीव घेतील आणि जन्म तुरुंगात काढतील, मग सुलाला कोण बघेल? सुलाला कोण बघेल, असं म्हणाली. मग मास्तरांचं स्थळ आलं. माणूस चांगला निघाला, हे माझं नशीब. वाईट निघाला असता तरी पाठवलंच असतं.

हेवा कशाचा विचारतेस ना? मग ऐक. तुझ्यावर जे गुदरलं त्याचा कोण वैरीण हेवा करील? पण त्याच्यानंतर तुला जे मिळालं, त्यावर मी जळते. तू बोललीस आणि बाबांनी ऐकलं. तुझा शब्द त्यांना पुरला. तुझ्यासाठी कोर्टाने लिहून दिलं की हिच्या दाराशी उभं राहू नका. माझ्यासाठी कोणी काय लिहिलं? तुझी पत्रं आली की मी भांडी आपटते, आणि मास्तरांना वाटतं छोटीने जागवलं म्हणून. तुझं पहिलं पत्र मी चुलीत घातलं. तोवर तोंडपाठ झालं होतं.

तुझ्या सावित्रीबाईंना विचार, नाव न सांगता विचार, की मलाही दावा करता येईल का. साक्ष नको. दावा. वादी म्हणून.

विमला

---

नाशिकरोड,
ता. २३ ऑगस्ट १९८१

माझ्या ताईस,
सुलाचा जयभीम. काय विनंती करावी ते कळत नाही.

पत्र घेऊन मी गोदावरीच्या घाटावर जाऊन बसले. आधी रडले, मग तुझा राग आला. वाटलं, तू बोलली असतीस तर मला आईने त्या केंद्रात जाऊच दिलं नसतं. हे मनात आलं होतं, म्हणून लिहिते. लपवलं तर पुढची पत्रं खोटी होतील. मग घाट चढून परतताना उलगडलं की तू बोलली होतीसच. तोंडावर हात दुसऱ्याचा होता. आणि आई तरी कोणाला भ्याली होती? सगळं फिरून त्या एका माणसापाशीच येतं.

सावित्रीबाईंना विचारलं. अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, म्हणाल्या. तुझी केव्हाच टळली. तुला तुझा दावा करता येणार नाही. माझ्या दाव्यात मात्र तुझं सांगणं ऐकून घेतील, त्याला मुदत नाही. मी भांडून पाहिलं, की हा काय न्याय, जी जास्त वर्षं सोसते तिचाच हक्क जातो? त्या म्हणाल्या, तू म्हणतेस ते खरं आहे, पण कायदा आज असाच आहे.

मी घरी कोणाला काही सांगितलेलं नाही. तू सांगेपर्यंत सांगणार नाही.

आणि एक. हेवा काय फक्त तूच करतेस? तुझ्याकडे दिवाळीला आले तेव्हा तू अंगणात बसून भाकरी थापत होतीस, भाऊजी लाकडं फोडत होते. मला वाटलं होतं, हिचं सगळं मार्गी लागलं. परतीच्या एस.टी.त मी तुझ्यावर मनसोक्त जळले. घे, फिटंफाट.

मला सोडू नकोस.

सुला

---

हरसूल,
ता. ३० नोव्हेंबर १९८१

चि. सुला हिस,
विमलाचे आशीर्वाद.

म्हणजे इथेही वादी तूच आणि मी तुझी साक्षीदार. छान. तुझ्या लग्नात करवलीही मीच होईन.

मास्तरांना सांगितलं. सांगायला तीन महिने लागले. ते उठून बाहेर गेले. पाच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. त्या पाच दिवसांत मी माहेरी परत जायची तयारी मनात करून ठेवली. मग एका सकाळी दाढी करता करता त्यांनी विचारलं, साक्षीला तुझ्याबरोबर कोणी यायचं का? मी म्हटलं, तुम्ही या, पण आत बसू नका. ते म्हणाले, बरं. पुढे म्हणाले, पाच दिवस मी तुझ्यावर नाही, माझ्यावर चिडलो होतो; सात वर्षं शेजारी राहून मला काही दिसलं नाही.

मी येईन. तुझ्यासाठी येते असं समजू नकोस. माझा दावा घ्यायला कोर्ट तयार नाही, तर तुझ्या दाव्यातली तासाभराची जागा मी घेणार. त्या तासात त्याने माझ्याकडे बघत बसायचं. बाबांना साक्षीच्या आधी तू सांग, माझ्याने होणार नाही. आईलाही सांग, मी तिचं नाव घेणार आहे.

लोभ असो. तुझाही, आणि उरला असला तर त्यांचाही.

तुझी ताई,
विमला

---

नाशिकरोड,
ता. १० मार्च १९८३

ती. सौ. विमलताईस,
सुलाचा सा. जयभीम. वि. वि.

काल निकाल लागला. आपण जिंकलो. भरपाई रावजीने आणि संस्थेने मिळून द्यायची. तो वर अपील करणार आहे, सावित्रीबाई म्हणतात करू दे. संस्थेने मात्र कालच संध्याकाळी त्याला चिटणीसपदावरून काढलं. केंद्राच्या दाराशेजारची त्याच्या नावाची पाटी आहे का, ते मी स्वतः जाऊन पाहिलं. ती काढलेली आहे, भिंतीवर चौकोन उरलाय.

आता तुझा माझा हिशेब. सावित्रीबाईंनी निकाल वाचून मराठीत सांगितला. माझ्याबद्दल न्यायाधीशांनी लिहिलंय की वादीचं म्हणणं संभवनीय वाटतं. बस्स, एवढंच. आणि तुझ्याबद्दल? दालन रिकामं करून साक्ष घेतली तेव्हा त्याच्या वकिलाने विचारलं होतं ना, इतकी वर्षं गप्प का बसलात, आणि तू म्हणालीस, मी गप्प नव्हते, मला कोणी विचारलं नव्हतं. ते तुझं वाक्य जसंच्या तसं निकालात आहे! पुढे लिहिलंय की या साक्षीदारावर अविश्वास दाखवायला कोर्टाला कोणतंही कारण दिसत नाही. कोणतंही कारण! दावा माझा, आणि मला नुसतं संभवनीय. मी जळून खाक झाले, ताई. बाबांना तसं म्हटलंही. ते हसले नाहीत. त्यांनी तुझ्याबद्दलचं तेवढंच दोनदा वाचायला लावलं, आणि मग सकाळची हरसूलची एस.टी. किती वाजता, ते विचारलं. त्यांच्यासोबत मीही निघते; हे तोंडाने सांगता येणार नाही, म्हणून पत्रच हाती देईन. आईने तुझ्यासाठी बाजरीचं पीठ दळून ठेवलंय. तुझ्या पुढ्यात यायला ती धजत नाही. तिला वेळ दे, किंवा देऊ नकोस, तुझी मर्जी.

माया आहे ती धरून ठेव.

तुझी,
सुला

---

हरसूल,
ता. १३ मार्च १९८३

चि. सुला हिस,
अनेक आशीर्वाद.

बरं झालं, एस.टी. भरल्यामुळे तू मागे राहिलीस. बाबा तुझं पत्र घेऊन एकटे आले. पाणी प्यायले, छोटीला मांडीवर घेतलं, मग तिला मास्तरांकडे देऊन म्हणाले, साक्षीच्या दिवशी मी बाहेर होतो, आत काय बोललीस ते मला ऐकता आलं नाही. आता पहिल्यापासून सांग. मी सांगितलं. ऊन ओट्यावरून उतरलं तरी ते उठले नाहीत. शेवटी म्हणाले, विमल, तुझा शब्द मला तेव्हाही पुरला असता. मी म्हटलं, ठाऊक आहे, म्हणूनच इतकी वर्षं जळत होते.

पिठाची भाकरी केली, चांगली झाली असं आईला कळव. याहून जास्त आज काही कळवू नकोस.

बाबा रविवारपर्यंत राहतो म्हणतात. इथून आठवडी बाजाराला मीच त्यांना घेऊन जाणार आहे. तू दुसऱ्या एस.टी.ने यायचा विचार करत असशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. येऊ नकोस. रविवारपर्यंत बाबा माझे आहेत. सोमवारी ये, भाताला बसू.

तुझी ताई,
विमला