माळावर मारवेल उगवल्याची हकीकत

अक्कलकोट रस्त्यावरचा माळ, सोलापूर,
भाद्रपद, शके १८५५

तीर्थस्वरूप सौ. मालतीताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (माळावर कुसळं फार, म्हणून तो मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घे.) भावोजींचा गुडघा आणि बाळीचा खोकला यांची खुशाली कळवावी. इकडे मी क्षेम आहे, म्हणजे विचारायला कुणी येत नसल्याने तसं धरून चालतो.

तू शेजारणींना मी सोलापुरात प्रोफेसर असल्याचं सांगतेस, ते आता थांबव. मी इथे गवत बघतो. आमच्या प्रोफेसरसाहेबांचं म्हणणं असं की या माळावर काही टिकत नाही, तो दोष जमिनीचा नसून शेळ्यांचा. शेळ्यांना काही पावसाळे दूर ठेवा, गेलेलं गवत आपलं आपण परत येईल. हे सिद्ध करायला पुण्याच्या कॉलेजच्या बागेत शेळ्या नसल्यामुळे मला इथे धाडलं. मी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, आत खुंट्या ठोकून दोरीचा एक चौकोन आखला, आणि कुंपणाबाहेर, शेळ्यांच्या राज्यात, तसाच दुसरा. दोन्हींतली रोपं मोजत राहायची. साधलं तर माझा एम.एस्सी.चा प्रबंध पुरा, कॉलेजात लेक्चररची जागा, आणि पुण्याला परत. फसलं तर नवा चौकोन आणि पुन्हा पहिल्यापासून. माणसाने राहावं अशी ही जागा नाही, ताई. सोमवारी शहरात पोस्टात जातो. पोस्टमास्तर मला पाहिल्याबरोबर मान हलवतात (पत्र नाही, या अर्थी). तरी मी तिथल्या बाकावर बसून राहतो, कारण तिथे लोक मराठीत भांडतात आणि ते ऐकायला बरं वाटतं. शिकवायची सवय मोडू नये म्हणून संध्याकाळी शेळ्यांपुढे व्याख्यान देतो. वर्ग शांत असतो. एका विद्यार्थिनीने तेवढी माझी टोपी खाल्ली.

आता मुख्य हकीकत. चौकोनात शिरताना मी वहाणा काढतो (कोवळी रोपं चिरडू नयेत, हा साहेबांचा दंडक). मग गुडघे टेकतो, भिंगातून बघताना कपाळ जमिनीला लागतं, आणि रोपांची लॅटिन नावं तोंडाने पुटपुटत असतो. लांबून हे बघणाऱ्याला काय वाटेल, ते बाळीलासुद्धा सुचलं असतं. मला सुचलं नाही. पहिल्याच वर्षी काशम्मा, म्हणजे माळाचे मालक सिद्धलिंगप्पा यांची आई, बेलाचं पान घेऊन आल्या. मी हात जोडून सांगितलं की इथे पान नको, फूल नको, तांदळाचा दाणाही नको. बाहेरचं बी आत पडलं तर सगळं बुडालं. त्या माझ्याकडे पाठ न करता उलट्या पावली गेल्या. मला वाटलं, बाईंना शास्त्र पटलं.

मागच्या आठवड्यात साहेब स्वतः आले. यंदा पावसाने दगा दिलेला. बाहेरचा चौकोन उघडाबोडका, आणि आतल्या चौकोनात मारवेल, शेळी सगळ्यांत आधी खाते ते गवत, हिरवंगार, घोट्याच्या वर. साहेब कितीतरी वेळ त्यापुढे पालथे पडून होते. उठून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली (कोटाला लागलेली माती मी अजून झटकलेली नाही) आणि दिवाळीनंतर कॉलेजात रुजू व्हा म्हणाले. त्यांना गाडीत बसवून मी तसाच सिद्धलिंगप्पांकडे गेलो, पुण्याला निघाल्याचं सांगितलं आणि कुंपण तेवढं सांभाळा म्हणालो.

"तुमी बिनघोर जावा की," ते म्हणाले. "सोमवारचं पाणी आमी चुकवायचो न्हाय."

कसलं पाणी, मी विचारलं.

"देवाचं. पान नको, फूल नको म्हणला हुता. पाण्याला न्हाय म्हणला न्हवता."

स्वामींच्या (म्हणजे माझ्या) ध्यानात विघ्न नको म्हणून त्यांच्या घरच्या बायका मी पोस्टात गेल्यावर येत. मी परतेपर्यंत ऊन सगळी ओल शोषून घेई. बाहेरचा चौकोन नंदीचा, त्याला पाणी लागत नाही, असं त्यांनी आपसात ठरवलेलं. माझ्या तोंडाशी ओरडणं आलं होतं, ताई. पण मी त्यांची विहीर पाहिली आहे. तळाचं गढूळ पाणी दोनदा फडक्यातून गाळून त्या घरात पितात, आणि त्यातली निवळलेली घागर माझ्या गवताला. काशम्मांनी कानडीत "ऊटा आतेन्री?" म्हणून विचारलं, म्हणजे जेवलात का, आणि उत्तराची वाट न बघता भाकरी वाढली. मी जेवलो आणि जेवताना रडलो. चटणी तिखट आहे, असं सांगितलं.

तेव्हा आता पक्कं ठरवलं आहे. साहेबांनी पाहिलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि गवत काही चुगली करत नाही. मी दिवाळीला येतो. माडीवरची खोली झाडून ठेव, भावोजींचं कपाट हलवून खिडकी मोकळी कर. भावोजींस नमस्कार, बाळीस आशीर्वाद.

तुझा,
यज्ञेश्वर

ता. क. – खोली झाडू नकोस. साहेबांना खरं काय ते लिहून कळवलं. पत्र टाकलं आणि लगेच पस्तावलो, पण पोस्टाच्या पेटीत हात कोपरापर्यंतच जातो. पलीकडच्या माळावर नव्या खुंट्या ठोकल्या आहेत.

पुन्हा ता. क. – भावोजींना विचारून दिवाळीला तूच इकडे ये. फराळ आणला नाहीस तरी चालेल. एवढा मोठा घोटाळा केला, तरी इथे सगळे मला हात जोडतात. इथे आल्या वर्षापासून मला कुणी रागावलेलं नाही, ताई. तू ये आणि मला चांगली रागव.