सपोर्टवालीला काढून टाका

आई, माझी कंपनी आहे असं तुला कोणी सांगितलं असतं तर तू आधी हसली असतीस. पाहुणे आले की कपाटामागे जाऊन उभी राहणारी मी. तू गेलीस तेव्हा मी पाचवीत होते. दहावीनंतर कॉलेजला गेलेच नाही, हजेरीला ‘प्रेझेंट’ बोलणं पण जमायचं नाही. पप्पा ओरडले नाहीत, कुठूनतरी एक जुना लॅपटॉप घेऊन आले. व्हिडिओ बघून शिकत गेले आणि शेवटी मला जे माहीत होतं त्याचंच सॉफ्टवेअर बनवलं, तू घरी चालवायचीस तशा मेसचं. आज कोण जेवणार, कोणाचा खाडा, म्हणजे त्याचं जेवण करायचं नाही आणि पैसे पण लावायचे नाहीत. मेसवाल्या बायकांच्या फोनवर चालतं.

कंपनीत सगळं मीच. कोड लिहिणारी मी, गिऱ्हाईक शोधणारी मी, बिल पाठवणारी मी, आणि सकाळी अ‍ॅप उघडलं नाही की सॉरी बोलणारी पण मीच. फक्त फोन घ्यायचे नाही, सगळं मेसेजवर. एकटी पोरगी आहे कळलं तर कोण भरवसा ठेवणार, म्हणून मेसेजखाली कधी ‘सपोर्ट टीम’ लिहायचे, कधी ‘अकाउंट्स विभाग’, कधी ‘मॅनेजमेंट’. मॅनेजमेंट जरा कडक मराठीत लिहायची.

मग गेल्या महिन्यात कळंबोलीच्या मावशींचा व्हॉइस मेसेज आला. त्या तिथल्या गावच्याच. लोखंड बाजाराजवळ त्यांच्या तीन मेस आहेत, ट्रकवाले आणि हमाल जेवतात. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्या गेल्या असत्या तर कंपनी बंदच करायला लागली असती.

“मालकाला सांगा, तुमची ती सपोर्टवाली पोरगी हाय ना, तिला पयली काढून टाका. मशीनसारखी बोलते. नायतर मी तुमचा अ‍ॅप काढते. आनि मालकालाच पाठवा हितं, मना तोंडावर बोलायचंय.”

काढायचं होतं मला, आणि काढणार पण मीच.

झालं असं होतं की संध्याकाळी उशिरा दोन ड्रायव्हर मावशींना सांगून गेले, गाडी निघाली, जेवायला येत नाही. मावशी खाडा लावायला गेल्या तर अ‍ॅप लावून देईना. त्यांनी विचारलं, सपोर्टने उत्तर दिलं, ‘पाचनंतर खाडा लागत नाही, असा नियम आहे.’ परत विचारलं, परत तेच.

नियम तुझाच होता ना. अजून दिसतं मला. कोपरखैरण्याचं आपलं स्वयंपाकघर, तू पोळ्या लाटतेयस, मी पिठाच्या डब्यावर बसलेय, दारात वरच्या मजल्यावरचा दादा.

“काकू, आज खाडा हां.”

“घड्याळ बघ. पाच वाजून गेले. आता तुझं जेवण मी खाऊ?”

“बॉसने परत बोलावलंय, काय करू?”

“मग बॉसकडेच जेव!”

मला तर तुझीच भीती वाटायची. तेच मी कोडमध्ये घातलं.

कळंबोलीला बसने गेले. अख्ख्या रस्त्यात काय बोलायचं ते मनात घोकत होते, मावशींसमोर उभी राहिले आणि सगळं गेलं. त्या गवार मोडत बसलेल्या.

“मालक कुठंय?”

“मीच.”

“आनि ती सपोर्टवाली?”

“ती पण मीच.”

“ते मॅनेजमेंट?”

मी नुसती मान हलवली. मावशींना असं हसायला आलं की गवार सांडली. “अगो, मग तुला काढली तर तुज्या जागेवर कोन, तूच?” आत ओरडल्या, “ए, अख्खी कंपनी आलीय, पानी आन!”

मग शांतपणे बोलल्या. “पाचनंतर खाडा नाय, हे मीच सगल्यांना सांगते. पन कोनासाठी मोडायचा ते पन मीच ठरवनार ना? तुजा अ‍ॅप मना इचारतच नाय.”

तेव्हा मला पुढचं आठवलं. दादा जिना उतरून जायचा आणि तू त्याच्या वाटणीचे गोळे उचलून परत कणकेत दाबायचीस. महिन्याच्या शेवटी त्या जेवणाचे पैसे त्याला लावायचीस पण नाही. तुझं ओरडणं मला पाठ होतं, आणि ते गोळे रोज डोळ्यासमोर असून मी हिशेबात धरलेच नव्हते. तिथेच बसून लॅपटॉप उघडला आणि एक बटण टाकलं, ‘तरी खाडा लावा’. मावशींनी दाबून बघितलं. परत दाबून बघितलं. जेवल्याशिवाय सोडलं नाही आणि निघताना दम दिला, आता मेसेज नाय, फोन करायचा. त्यांनी अ‍ॅप ठेवलं. मी सपोर्टवालीला ठेवलं.

आता मेसेजखाली माझंच नाव असतं. फोन घेते. पहिलं ‘हॅलो’ अजून फाटकं निघतं, पण पुढे जमतं. काम अंगावर येतं कधीकधी, तरी बरं चाललंय, आई, खरंच.

हे लिहिलेलं काही कुठे पाठवायचं नाहीये. फक्त एक सांगते, पप्पांना पण नाही बोलले. काल दुपारभर फोन वाजलाच नाही, म्हणून मीच मावशींना लावला. त्यांनी विचारलं, “काय गो, काय बिघडला?” मी म्हटलं, चेक करतेय, सगळं नीट चालतंय ना. चेक वगैरे काही करायचं नव्हतं.